बाप्याचा रिपोर्ट

येलदरीच्या कडूबाईचं दुखणं गेल्या वर्षीचं. रक्ताचा कर्करोग. पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, की माणसाच्या पेशीत क्रोमोसोम नावाचे बारीक धागे असतात, जोडीजोडीनं, एकूण शेहेचाळीस. कडूबाईच्या हाडाच्या मगजातल्या पेशींमध्ये सातव्या जोडीतला एक धागा गळाला होता. जन्मताना तो होता, मधेच कधीतरी गेला. का गेला, ते त्यांनाही सांगता येईना. नुसत्या औषधानं हे आवरायचं नाही, भावंडाचा मगज लागेल, असं म्हणाले. पिंगळीत राहून परभणीत रिक्षा चालवणारा तिचा धाकटा भाऊ मुंजाजी जुळला. त्यानं दिला, आणि कडूबाई वाचली.

यंदाच्या तपासणीचा रिपोर्ट मोबाईलवर आला, तेव्हा नवरा भागवत अंगणात धरणातली मासळी निवडत होता. जंतूंची बाधा होऊ नये म्हणून मासळीला हात लावायला तिला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून ती लांबून बघत होती. मुलगी मंजुषा बारावी सायन्सला. ती वाचता वाचता थांबली.

"आई, हे तुझं न्हाई वाटत. बाप्याचं हाय."

"कोणाचं?"

"कोण्या तरी माणसाचं. बाईच्या एका जोडीत असतेत एक्स एक्स, बाप्याच्या एक्स वाय. इथं एक्स वाय लिवलंय. अन् धागे बी पुरे शेचाळीस हायेत. तुझा तर एक कमी होता."

भागवत हात पुसून आला. नाव कडूबाईचं, वय तिचं, गाव येलदरीच. त्यानं लॅबला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, नमुना बरोबर आहे, बाकीचं डॉक्टरांना विचारा.

कडूबाईच्या डोक्यात नुसता गुंता झाला. रिपोर्ट बदलला असेल, तर तिचा कुणाकडं गेला? त्या चांगल्या धडधाकट माणसाला आता कर्करोग झाला म्हणून सांगतील. ती सुई, ते केमो, ती उलटी. "त्या बिचाऱ्याला कोण सांगंल?" ती सारखी म्हणायची. सकाळी देवापुढं हात जोडताना त्या अनोळखी माणसासाठीही दोन शब्द बोलायची.

आणि रिपोर्ट बदललेला नसेल तर? हे तिनं कुणाला सांगितलं नाही. चार-दोन महिन्यांपासून तिच्या हनुवटीवर केस येत होते. पदर ओढून ती ते झाकायची. आता आपलाच आवाज तिला भरड वाटायला लागला.

जेवताना भागवतनं दबकत विचारलं, "तुला काही येगळं वाटायलंय का?"

"येगळं म्हंजे?"

"काय की," म्हणून त्यानं भाकर मोडली.

परभणीत डॉक्टर शिवरंजनी रक्ताचे पेशंट बघायच्या. त्यांची वेळ मिळाली तसे दोघं गेले. मुंजाजी स्टँडवर रिक्षा घेऊन उभा होता. तो बाहेर थांबला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कडूबाई, छान आहे की."

"पर हे बाप्याचं हाय म्हणे."

"भावाचं आहे. तुमचा मगज औषधानं पुरा संपवला, मग भावाच्या पेशी दिल्या. आता तुमचं रक्त त्याच पेशी बनवतात. पुण्यात हे आधी सांगितलं असेल, पण तेव्हा तुमचं लक्ष कुठं असणार. यात तो जुना, धागा गळालेला प्रकार दिसला असता, तर मला घोर लागला असता."

"म्हंजे मी..."

"तुम्ही बाईच आहात. गालाच्या आतली पेशी तपासली तर एक्स एक्सच निघतील. फक्त रक्त भावाचं."

कडूबाईनं पदर थोडा बाजूला केला. "अन् हे केस?"

"ते एका गोळीमुळं. ती आता कमी करायचीय."

भागवतनं मोठा श्वास सोडला. कडूबाईला हलकं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण ज्याच्यासाठी ती इतके दिवस देवाला सांगत होती, तो माणूस नव्हताच. नाहीतर होता, आणि बाहेर रिक्षात बसला होता. तिला याचा नीट अर्थ लागेना.

बाहेर येऊन तिनं सांगितलं, ते मुंजाजीनं ऐकून घेतलं. हँडलवर हात ठेवून त्यानं विचारलं,

"मग माझ्यात कमी पडलं का?"

"न्हाई. तुझं परत भरून आलं म्हणे."

"अन् तुझ्यात बी मीच?"

"रक्तापुरता."

"असं कसं व्हतंय गं, अक्का?"

"मलाबी कळंना."

भागवत येलदरीच्या गाडीला गेला. कडूबाई मुंजाजीच्या रिक्षातून पिंगळीला गेली. भावजय त्रिवेणीनं पाणी देत विचारलं, "काय म्हणल्या डॉक्टरीणबाई?"

मुंजाजी सांगायला लागला. शेहेचाळीस धागे, सातवी जोडी, इथपर्यंत आला आणि अडकला. कडूबाईनं पुढचं उचललं. एक्स कोणता आणि वाय कोणता यात तीही फसली.

"चांगलं हाय म्हणल्या," कडूबाई शेवटी म्हणाली.

"मग जेवा की," त्रिवेणी म्हणाली आणि ताटं घ्यायला आत गेली.