साठ झाल्यावर ये

माझा भाऊ रेनो दर रविवारी सकाळी फोन करतो आणि 'कशी आहेस' विचारायच्या आधी आकडा सांगतो. त्याच्या घरासमोरच्या सेमिनोल तलावाचं पाणी त्या दिवशी किती फॅरनहाइट अंशांवर आहे, तो आकडा. तो तिकडे दक्षिणेत राहतो, माझ्यापासून गाडीने तीन दिवसांवर. इथे मिनेसोटात आमचं पाणी नोव्हेंबरातच बत्तीसला टेकतं आणि बर्फ होऊन बसतं. तिकडे ते साठावर गेलं की बास माशांच्या थोराड माद्या अंडी घालायला काठाशी येतात. 'साठ झालं की नीघ, त्याआधी येऊन उपयोग नाही,' हे रेनो मला चौदा वर्षं सांगत होता.

चौदा वर्षं मला निघता आलं नाही. माझा नवरा एल्मर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता. त्याला उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं यात माझे सगळे हिवाळे गेले. दर फेब्रुवारीत रेनो म्हणायचा, साठ झालं. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.

गेल्या सप्टेंबरात एल्मर गेला. मी रडले, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर दुःखाच्या खालोखाल मला ओढ लागली ती त्या उबदार पाण्याची. बाह्या दुमडून बोटीत उभं राहावं, गळ फेकावा, आणि माझ्या फेकण्याला शेजारी बसून भावाने नावं ठेवावीत, एवढंच मला हवं होतं. आम्ही दोघंच उरलोय आता. तो एकाहत्तरचा, मी अडुसष्टची.

नाताळ झाल्याबरोबर मी तयारीला लागले. गळाच्या रिळांवरचा जुना दोरा काढून नवा भरला. बोटीच्या ट्रेलरच्या चाकांना ग्रीस लावलं. आमिषाची रबरी गांडुळं रंगाप्रमाणे डब्यांत लावली, ती चार वेळा काढून पुन्हा लावली. शेजारचे लोक तलावाच्या बर्फाला भोक पाडून, उलट्या बादलीवर बसून मासे धरायला बोलवायचे, मी जात नव्हते. आईच्या पद्धतीचा वेलदोड्याचा पाव रेनोला जीव की प्राण, म्हणून दोन पाव भाजून फ्रीजरमध्ये टाकले.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी त्याने आकडा सांगितला, एक्केचाळीस.

दक्षिणेत एक्केचाळीस? मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, आहे ते आहे. पुढच्या रविवारी चव्वेचाळीस, मग अठ्ठेचाळीस. मी नकाशावर मुक्कामाच्या गावांना खुणा केल्या. आणि चौथ्या रविवारी एकदम एकोणचाळीस. त्या दिवशी तो जास्त बोलला नाही. मी मात्र फोन ठेवून थंडीच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली.

फेब्रुवारी निम्मा सरला तरी आकडा चोपन्नावरच होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. रेनोने मागे एकदा मला टोपी पाठवली होती, तिच्यावर तिथल्या गळ-आमिषाच्या दुकानाचा नंबर होता. मी सोमवारी फोन लावला. दुकानातली बाई म्हणाली, पाणी आठवड्यापूर्वीच साठावर गेलं, आज त्रेसष्ट आहे, बोटी लावायला जागा नाही. मी रेनोबद्दल विचारलं. तो नोव्हेंबरानंतर दुकानात फिरकलाच नव्हता.

माझं पित्त खवळलं. चौदा वर्षं 'ये, ये' म्हणणारा माणूस, मी मोकळी झाल्यावर थापा मारतो? त्याला मी नकोच असेन तर तसं तोंडावर सांगायचं. मी लगेच त्याचा नंबर फिरवला.

"पाणी त्रेसष्टावर आहे," मी म्हणाले. "आता बोल."



"मी यंदा पाणी म्हणालो का एकदा तरी?" तो म्हणाला. "नुसता आकडा सांगत होतो."

"शब्दांत खेळवू नकोस, रेनो. कसला आकडा?"

"पावलांचा."

मला कळेना.

"डिसेंबरात जिन्यावरून पडलो. खुबा मोडला. ऑपरेशन झालं," तो म्हणाला. "दारापासून बोटीच्या धक्क्यापर्यंत साठ पावलं आहेत. रोज कुबड्या घेऊन निघतो. जिथे दम संपतो तिथे खुर्ची ठेवलीय. काल चोपन्नाला बसलो."

"आणि ते एकोणचाळीस?"

"त्या आठवड्यात पुन्हा पडलो."

मी खुर्चीत बसले. त्या रविवारी मी थंडीला शिव्या देत होते, आणि हा तिकडे एकटाच पडून उठला होता.

"गाढवा, मला सांगायचं नाही?"

"काय सांगू, आयली? चौदा वर्षं तू एका माणसाला उठवलंस, बसवलंस. तू इथे मासे धरायला येणार होतीस. मला धरायला नाही. म्हटलं, साठ होऊ देत. तू येशील तेव्हा मी धक्क्यावर उभा असेन. सहाच राहिलीत गं."

मला हसावं की रडावं कळेना, दोन्ही एकदमच आलं. मी त्याला सांगितलं की मासेही धरीन आणि त्यालाही धरीन, मला दोन हात आहेत. आणि उरलेल्या सहा पावलांना मी येईपर्यंत हात लावायचा नाही.

"पाव आणतेयस ना?" त्याने विचारलं.

फोन ठेवून मी बूट चढवले, फावडं घेतलं आणि गॅरेजपर्यंतचा बर्फ उपसायला लागले. या घरात चाळीस वर्षं काढली, पण दारापासून गॅरेजपर्यंत किती पावलं आहेत ते कधी मोजलं नव्हतं. एकोणीस भरली. सगळी एका दमात चालले आणि ट्रेलर गाडीला जोडला.