न मागितलेला उजेड

फोटोवाल्या बाईंनी तिसरा प्रिंट खिडकीशी नेला, डोळे बारीक करून पाहिला आणि मधोमध फाडला. हाही हिरवट. मूळ फोटो जुन्या तपकिरी छटेचा, घडी पडून चिरलेला. शेजारच्या घड्याळजींकडे त्यांच्या थोरल्या बहिणीचा तेवढा एकच फोटो उरला होता, आणि तो दुरुस्त करून न्यायला ते पाच वाजता येणार होते.

चूक प्रिंटरची नव्हती, त्या नव्या कॉम्प्युटरची होती. कॅबिनेटची एक बाजू काचेची. आत तीन पंखे, ते फिरता फिरता जांभळे, हिरवे, लाल होत. मेमरीच्या पट्ट्यासुद्धा उजळत. पडद्यावरचा रंग जोखायचा तर खोलीत दुसरा रंग नको, म्हणून बाईंनी चाळीस वर्षं या भिंती राखाडी ठेवल्या होत्या. कामाला बसताना त्या अंगात रंगीत कपडाही घालत नसत. अंधारखोलीच्या काळात इथे एकच लाल दिवा होता, आणि तो लालच का, दुसऱ्या उजेडाने फोटोचा कागद कसा काळा पडतो, हे झाडायला येणारीलाही माहीत होतं.

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या भाच्याला त्यांनी दुपारीच बोलावून घेतलं. तो आधी म्हणाला, साधे भाग हल्ली येतच नाहीत. खोदून विचारल्यावर म्हणाला, येतात, पण कोणी घेत नाही. मग म्हणाला, दिवे बंद करता येतात की. एक सॉफ्टवेअर उतरवायचं, त्यात ईमेल देऊन खातं उघडायचं.

"दिवा विझवायला खातं उघडू? आणि पंखा थांबवायला अर्ज करू का?"

"मावशी, त्याचं जास्तीचं काही घेतलं नाही गं तुझ्याकडून. छान दिसतं म्हणून घातले."

"मी मागितले होते?"

भाच्याने मान खाली घातली. उद्या साधे पंखे, साध्या पट्ट्या आणून बसवतो, असं कबूल करून तो गेला. जाताना चहाही मागितला नाही.

उद्याचं उद्या. बाईंनी कपाटातून वडिलांच्या उभ्या कॅमेऱ्याचं काळं कापड काढलं. त्याच्याखाली डोकं घालून वडिलांनी अर्ध्या गावाचे चेहरे टिपले होते. ते त्यांनी कॅबिनेटच्या काचेवर सोडलं. खोली पुन्हा राखाडी झाली. पडद्यावरचा रंग त्यांनी नव्याने लावला, आणि चौथा प्रिंट हवा तसा निघाला.

पाचाला घड्याळजी आले. त्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्यात बसवलं आणि प्रिंटवर वाकले. चिरेची जागा त्यांना सापडली नाही. बाई मनातून सुखावल्या. घड्याळजींनी मात्र मान वर केली नाही.

"बाई, हिच्या भुवईवरचा व्रण कुठे गेला?"

बाईंना आधी आठवेचना. मग आठवलं. चिरेला हात लावण्यापूर्वीच पुसला होता. नवरीमुलींचे तीळ, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या, पोरांचे ओरखडे. चाळीस वर्षं हात आपोआप तिकडे जायचा.

"तो मी काढला. चेहरा स्वच्छ दिसतो ना. आणि त्याचं काही जास्तीचं…"

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. काळ्या कापडाकडे त्यांची नजर गेली आणि लगेच परत आली. त्यांनी दुसरी खुर्ची पडद्यासमोर ओढली.

"बसा. तुम्ही सांगाल तसा."

मूळ फोटो शेजारी ठेवून त्या व्रण पुन्हा उमटवू लागल्या. त्या फोटोतही तो पुसटच होता. घड्याळजी बोट पडद्याला न लावता दाखवत राहिले. जरा वर. अजून थोडा तिरका.

"खोल होता हो," ते म्हणाले.

बाईंनी खोल केला.

"दगड माझा होता. मी सात वर्षांचा. घरी तिने सांगितलं, पायरीवरून पडले." घड्याळजींनी भिंग काढून मुठीत धरलं. "शेवटपर्यंत तेच सांगत होती."

प्रिंटर घरघरला. कागद इंचाइंचाने बाहेर आला; आधी केस, मग कपाळ, मग भुवई. बाईंनी तो खिडकीशी नेला नाही. तसाच घड्याळजींच्या हातात दिला.