बारा गाई, तीन माना

रक्ताच्या तपासणीचा अहवाल आला आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लसवाल्या काकांना आत बोलावलं. काका एकतीस वर्षं गोठ्यागोठ्यांतून लाळ्या-खुरकुताची लस टोचत फिरत होते. डॉक्टरीणबाईंचं वयही तेवढं नव्हतं.

"काका, बसा."

काका उभेच राहिले. बसा म्हटलं की काहीतरी बिनसलेलं असतं, हा त्यांचा अनुभव होता.

लस नवी होती. ती कितपत लागू पडते ते बघायला अठ्ठावीस दिवसांनी साठ जनावरांचं रक्त घेतलं होतं. प्रयोगशाळेचा माणूस स्वतः कानातले बिल्ले वाचून नमुने घेऊन गेला होता.

"सगळीकडे उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या मेहुणीबाईंच्या गोठ्यात मात्र घोळ आहे. बारांपैकी नऊ गाई कोऱ्या करकरीत, लसीचा मागमूस नाही. आणि उरलेल्या तिघींच्या अंगात रोगाशी लढायची एवढी ताकद आलीय, की शेजाऱ्यांना उसनी देतील."

काका हसले नाहीत.

"लस कच्ची म्हणून कळवलं तर सगळा साठा परत जाईल. पलीकडच्या गावात रोग येऊन ठेपलाय, तेवढा वेळ नाही. लस चांगली असेल, तर मग त्या दिवशी तुमची लसीची बर्फाची पेटी गरम झाली असणार. तसं असेल तर पेटी दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल. उद्यापर्यंत आठवून सांगा."

काकांना काही आठवत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. बायको जाऊन पंधरा दिवस झाले होते तेव्हा. एकतीस वर्षं पेटी तिनेच भरली. "खाली बर्फ, मध्ये लस, आणि वर तुमचं डोकं ठेवा, तेही जरा गार राहील," असं म्हणायची. त्या दिवशी पेटी त्यांनी भरली होती. कशी भरली, देव जाणे. पेटी गेली की दिवसभर घरी बसायचं, आणि घरी बसणं त्यांना अजून जमत नव्हतं.

ते तडक मेहुणीच्या गोठ्यावर गेले. ती धार काढत होती.

"या भाऊजी. आज हात हलवत? टोचायला कुणी उरलं नाही वाटतं."

काकांनी अहवाल सांगितला. मेहुणीचा हात थांबला. गाईने मागे वळून पाहिलं.

"तीन म्हणजे कुठल्या?"

काकांनी नंबर सांगितले.

"त्या गरीब आहेत," मेहुणी म्हणाली. "बाकीच्या नऊ यंदाच आणल्या. जवळ गेलं की लाथ."

"मग मला कशी कुणी लाथ मारली नाही?"

मेहुणीने बादली बाजूला सरकवली. "त्या तुमच्यापुढे आल्याच नाहीत. मी या तिघींनाच मागच्या दाराने फिरवून परत टोचायच्या लाकडी खोड्यात आणत होते. चार फेऱ्या झाल्या. बाकीच्यांच्या बिल्ल्यांचे नंबर मी सांगत होते, तुम्ही लिहीत होता. आठवडाभर त्यांच्या मानेवर बटाट्याएवढ्या गाठी होत्या, गरम पाण्याने शेकत बसले."

"दूध कमी होईल म्हणून लपवल्यास?"

"दुधाचं कुठं काढता. तुमचे हात थरथरत होते, भाऊजी. चष्माही विसरला होता. नव्या गाईंनी तुम्हाला तुडवलं असतं, तर ताईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

काका वैरणीच्या भाऱ्यावर टेकले. "एकच मान चार वेळा समोर आली आणि मला कळलं नाही."

"तुम्हाला लग्नात मी आणि ताईसुद्धा वेगळ्या ओळखू येत नव्हतो. गाईंचं काय घेऊन बसलात."

दुसऱ्या दिवशी काकांनी डॉक्टरीणबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मेहुणीला पाठीशी घालावं असं वाटेत दोनदा मनात आलं होतं, पण मग लस कच्ची ठरली असती आणि चांगला साठा उगाच परत गेला असता. स्वतःच्या थरथरत्या हातांचं आणि विसरलेल्या चष्म्याचंही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी बाराही गाई मोजणीतून वगळल्या आणि लस चांगली आहे, असं लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

"हात आता कसे आहेत?"

काकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. डावा जरा हलत होता.

"टोचता कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"मग नऊ गाई राहिल्यात." त्यांनी पेटी पुढे सरकवली. "बर्फ मी भरलाय. आणि चष्मा लावून जा."

पाचव्या गाईने काकांना शेणात बसवलं. मेहुणीने दोरी सोडली नाही, पण हसू आवरेना तिला. बहीण गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

"लागलं का, भाऊजी?"

"हिला लस द्यायची राहिली," काका बसल्या बसल्या म्हणाले. "घट्ट धर. आणि नंबर सांगू नकोस, मी वाचतो."