आणखी काय आहे बघायला

"आता उडेल," तिलकसिरी म्हणाला.

पाणी उडालं नाही. खडकाच्या फटीतून नुसताच एक घसा खाकरल्याचा आवाज आला आणि थोडा ओला वारा. मार्च महिन्यात आमचा समुद्र असाच असतो, जेवून आडवा झालेल्या माणसासारखा. पावसाळा लागला की याच फटीतून पाणी माडाइतकं उंच उडतं, पण तेव्हा ते बघायला आमच्या दिक्वेल्ला गावात चिटपाखरूही येत नाही.

कठड्याला टेकून उभे असलेले यान आणि मार्ता, पोलंडहून आलेलं म्हातारं जोडपं, शहाण्या मुलांसारखे त्या भोकाकडे बघत होते. यानने टोपीनं वारा घेतला. "साधारण किती वेळानं उडतं हे?"

"त्याच्या मनावर आहे साहेब. आलोय तर थांबू या थोडं. मोठी लाट येणार आहे, मला कळतं."

त्याला काही कळत नव्हतं. एरवी हाच रिक्षावाला तिलक पाहुण्यांना धड फोटोही काढू देत नसे. भोक, देऊळ, किनारा, की लगेच परत हॉटेलवर, कारण दुसरं भाडं बघायचं असे. आमच्या गावात बघण्यासारखं आहेच किती? मनात आणलं तर अर्ध्या सकाळीत सगळं संपतं. मग पाहुणे हॉटेलच्या खुर्चीत बसून समुद्र बघतात. आम्ही जन्मभर तेच करत आलोय, आम्हाला कुणी त्याचे पैसे दिले नाहीत.

शर्टाच्या खिशात फोन थरथरला. तिलकनं वाकून नाव बघितलं. दिनू. मुलगी. त्यानं फोन परत खिशात टाकला.

"घरून?" मार्तानं विचारलं.

"नाही बाई. स्टँडवरची पोरं. काम नसलं की फोन करतात."

घरी आज त्याची बायको श्रियानी कुवेतला निघाली होती. घरकामाला. ही तिसरी खेप. ज्योतिष्यानं मुहूर्त काढून दिला होता, ऊन कलायच्या आतला. उत्तरेकडे तोंड करून उंबरा ओलांडायचा, आणि ओलांडताना समोरून कुणीतरी पाण्यानं भरलेली घागर घेऊन यायचं. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही, काही विसरलं तरी नाही. आमच्याकडे परदेशी जाणारी प्रत्येक बाई हे असंच करते. ज्यांनी केलं नाही त्यांच्या गोष्टी गावात अजून सांगतात.

मागच्या दोन्ही वेळी घागर घेऊन समोरून आला होता तिलक. पहिल्यांदा श्रियानी परतली तेव्हा घराच्या भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा परतली तेव्हा ही रिक्षा आली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तिलकचा शकुन खरा, बाईला नेऊन सुखरूप परत आणतो. दोन-तीन जणींनी तर त्याला आपल्या घरीही बोलावलं होतं, घागर घेऊन यायला. त्याला या कौतुकाचा वीट आला होता. आपल्याच बायकोला घालवायला आपणच नटूनथटून समोरून जायचं आणि वर लोकांनी पाठ थोपटायची.

आता दिनूला नर्सिंगच्या शिक्षणाला घालायचं होतं. "जाऊ नकोस" म्हणायला त्याला तोंड नव्हतं. ज्या रिक्षात बसून तो हे म्हणणार, ती रिक्षा तिचीच. सकाळी हॉटेलवाल्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "हा गेलो नि हा आलो. तू घागर भरून ठेव." श्रियानीनं किरिबतचा एक तुकडा त्याच्या तोंडात घातला, शुभ दिवसाचा दूधभात, आणि म्हणाली, "उशीर करू नका."

ठरवून त्यानं काहीच केलं नव्हतं. भोकापाशी आल्यावर फक्त त्याच्या लक्षात आलं की आपल्याला इथून हलावंसं वाटत नाहीये. घागरवाला पोचलाच नाही तर मुहूर्त टळेल. मुहूर्त टळला तर ती निघणार नाही. बस्स, एवढंच.

"देवळात नरकाचं भुयार आहे," तो म्हणाला. "ते बघितल्याशिवाय जायचं नाही."

देवळाच्या भुयारात भिंतीला लागून माणसाएवढे रंगीत पुतळे आहेत, पाप्यांचे. कुणाला करवतीनं कापतायत, कुणी काट्यांच्या झाडावर चढतोय, कुणाच्या घशात उकळतं लोखंड ओततायत. तिलक एरवी बाहेर थांबून विडी ओढायचा. आज तो आत गेला आणि एकेका पुतळ्यापाशी उभा राहून समजावून सांगू लागला.

"यानं काय केलं होतं?" मार्तानं विचारलं.

"खोटं बोलला."

"आणि हा?"

"हाही खोटंच बोलला. पण घरच्या माणसांशी."

यान पुढच्या पायरीवर बसला आणि गुडघे चोळू लागला. फोन परत थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

बाहेर आल्यावर पातुम भेटला. स्टँडवरचाच, तिलकपेक्षा वयानं लहान, त्याला अय्या म्हणजे थोरला भाऊ म्हणणारा. त्यानं रिक्षा आडवी घातली. "तिलक अय्या, तुम्ही इथं कसे? श्रियानी आक्का आज जायची ना?"

"निघालोच आहे."

"कुठं निघालाय? रिक्षाचं तोंड तर दीपगृहाकडं आहे. दिनू सारखी फोन करतीय स्टँडवर. मी जाऊ का घरी?"

"तू कशाला? मी मेलोय का?"

पातुम त्याच्याकडे बघत राहिला. मग पाहुण्यांकडे बघून हसला, कारण पाहुण्यांसमोर हसायचं असतं, आणि निघून गेला.

दीपगृह बंद असतं. ते बाहेरूनच बघायचं. तिलकनं ते चारी बाजूंनी दाखवलं. मग त्यानं त्यांना मासळीचं बंदर दाखवलं, जिथे त्या वेळी मासळी नव्हती आणि दोन कुत्री जाळ्यांवर झोपली होती. मग काथ्या भिजत घातलेल्या खाचरांचा वास दाखवला. मग एका टपरीवर बसवून नारिंगी शहाळी फोडून दिली. रिक्षाची सावली एका बाजूनं निघाली होती ती चाकाखाली गेली, आणि हळूहळू दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. तिलक ती सावली बघत होता. ऊन कललं. फोन आता वाजत नव्हता.

"आता राहिलं ते कासवांचं..." तो म्हणाला, आणि थांबला. कासवं रात्री येतात.

मार्तानं शहाळं बाजूला ठेवलं. "तिलक, राग येणार नसेल तर एक सांगू?"

"बोला ना बाई."

"आम्हाला काहीच बघायचं नाहीये. आम्ही इथे नुसतं बसायला आलोय. हॉटेलचे मालक म्हणाले, सध्या रिक्षावाल्यांना काम कमी आहे, फिरून या. म्हणून म्हटलं, जाऊ तासभर. पण तुम्ही एवढ्या हौसेनं दाखवत होतात, की नको म्हणवेना. यानचे गुडघे सकाळपासून दुखतायत."

तिलक तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, दिवसात पहिल्यांदा. "मग सकाळीच सांगायचं होतं."

"तुम्हालाही थकल्यासारखं दिसतंय," यान म्हणाला. "तुम्हीही सांगितलं नाहीत."

समुद्र नेहमीसारखाच होता.

"एकच गोष्ट बघायला आवडेल," मार्ता म्हणाली. "तुमचं घर. चहा द्याल?"

तिलकनं पुन्हा सावली बघितली. मुहूर्त टळून गेला होता. श्रियानी आता रडून रडून बसली असेल, चिडली असेल, आठ दिवस बोलणार नाही. चालेल. एजंट आरडाओरडा करेल, तेही चालेल. आणि घरात पाहुणे असले म्हणजे ती पहिला घाव तरी घालणार नाही. या शेवटच्या विचाराची त्याची त्यालाच लाज वाटली. तरी रिक्षा चालवताना त्याला हलकं वाटत होतं. वळणावर तो शीळही घालू लागला होता.

गल्लीत शिरल्याबरोबर शीळ बंद पडली.

फाटकाबाहेर, नीरफणसाच्या झाडाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत श्रियानी बसली होती. इस्त्रीचा झगा, पायात नवे कॅनव्हासचे बूट, शेजारी दोरीनं बांधलेली बॅग. फाटकासमोरची माती ओली होती. ती घराकडे पाठ करून, अगदी सरळ बसली होती, फोटो काढायला बसतात तशी.

तिलकनं रिक्षा बंद केली. उतरायला त्याला वेळ लागला.

"आलात?" ती म्हणाली.

"हं."

"काय काय दाखवलंत?"

"भोक. देऊळ. दीपगृह."

"दीपगृह तर बंद असतं."

"बाहेरून दाखवलं."

"बरं केलंत."

तो ओल्या मातीकडे बघत होता. "घागर कुणी आणली?"

"शेजारच्या सीलावती आक्कानं. हात कापत होते तिचे, निम्मी इथंच सांडली. पण आली समोरून, मुहूर्तावर." तिनं झग्यावरची चुणी सरळ केली. "तेव्हापासून बसलीय इथं. पाणी पाहिजे होतं तर दिनूनं फाटकावरून दिलं. आता दिनू तुम्हाला शोधायला सायकल घेऊन गेलीय. पातुम आलेला न्यायला. मी परत पाठवला त्याला."

"का?"

"माझी रिक्षा असताना दुसऱ्याच्या रिक्षातनं कशाला जाऊ?" ती हसली नाही. "शेवटची बस आहे अजून. त्या बसनंही विमान गाठता येतं, विचारून घेतलंय."

पाहुणे रिक्षाजवळच उभे होते. मार्तानं गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत ठेवला.

"मला वाटलं..." तिलक म्हणाला.

"काय वाटलं ते कळलं मला. पहिला फोन उचलला नाहीत तेव्हाच कळलं." तिचा आवाज खाली आला. "एवढं हिंडायची काय गरज होती? सकाळी तोंडानं सांगायचं होतं, जाऊ नको म्हणून."

"ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण सांगायचं होतं. दोन वेळा गेले, एकदा तरी म्हणालात का तुम्ही? नुसते घागर घेऊन समोर. तिकडे रात्री पडल्यापडल्या वाटायचं, ह्या माणसाला बरंच वाटत असेल."

तिनं मांडीवरची, निरोप घेताना द्यायची विड्याच्या पानांची जुडी उचलली. उन्हानं पानं मलूल झाली होती. खुर्चीतून उठून ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, जुडी त्याच्या हातात दिली आणि मातीला कपाळ टेकलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणायचे आशीर्वाद त्याला पाठ होते, मागच्या दोन्ही वेळी घडाघडा म्हटले होते. आता एवढंच म्हणाला, "जाऊ नको गं."

"हं," ती म्हणाली. गुडघ्यांची माती झटकत उठली, आणि डोळे पुसायच्या आधी तिनं पाहुण्यांकडे बघितलं. "ही कोण माणसं?"

"चहाला आणलंय त्यांना."

"अहो मग उभं काय केलंत? बसवा ओट्यावर. चहा टाका. मला काय आत येता येतंय?"

तिलकनं यान आणि मार्ताला ओट्यावर बसवलं. "कुठे निघाल्यात त्या?" मार्तानं हळूच विचारलं.

"कामाला."

"लांब?"

"हो. लांब."

तो स्वयंपाकघरात गेला. सकाळचा दिवा विझला होता. किरिबतचं ताट झाकून ठेवलं होतं, त्याच्या वाट्याचं. चुलीपाशी उभा राहून त्यानं आजूबाजूला बघितलं. हे घर त्याचं होतं, पण यातली एक वस्तू कुठे असते ते त्याला सांगता आलं नसतं. ती नसायची तेव्हा आई होती. आई गेल्या वर्षी गेली.

"पातेलं कुठंय?" तो खिडकीतून ओरडला.

फाटकाबाहेरून आवाज आला. "मागच्या दाराशी, खिळ्याला."

"चहाची पूड?"

"निळा डबा. छोटा निळा, मोठ्यात डाळ आहे."

"साखर?"

"तांदळाच्या पिंपामागं. झाकणावर दगड ठेवलाय. काढलात की परत ठेवा, मुंग्या होतात. दिनूला पण सांगा, ती विसरते."

"आलं?"

"खिडकीतल्या करवंटीत. जास्त घालू नका, गोऱ्यांना तिखट लागेल."

पाणी उकळलं. त्यानं चहा गाळला, चार पेल्यांत ओतला, साखर घातली, डब्यावर आठवणीनं दगड ठेवला. मग मांडणीतून चमचा घेतला आणि चारही पेले ढवळले. आता नुसतं ताट उचलून बाहेर न्यायचं होतं. चहा झाला की पाहुणे उठतील. पाहुणे उठले की बसची वेळ.

तो तसाच उभा राहिला.

"चमचा कुठंय गं?" त्यानं हाक मारली.

"मांडणीत बघा. खालच्या फळीवर, डाव्या बाजूला."

तिलकनं हातातल्या चमच्याकडे बघितलं.

"सापडला का?" बाहेरून श्रियानीनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "परत सांग."