बर्नार्ड लार्टरची गाऱ्हाणी

टोस्टला मुरंबा लावता लावता बर्नार्डने हातातली सुरी रेडिओवर रोखली.

"ऐकलंस? म्हणे कठीण निर्णय घ्यावे लागतात. कठीण कुणाला? हा आत्ता गाडीत बसेल, घरी जाऊन शेकोटीपुढे पाय पसरेल. आणि आम्ही घरात कोट घालून बसायचं."

"मुरंबा सांडतोय," त्याची बायको बेरिल म्हणाली.

रेडिओवरचे मंत्री बोलत राहिले आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला बर्नार्ड उत्तर देत राहिला. म्हाताऱ्यांना थंडीत घर गरम ठेवायला मिळणारी मदत कापली त्यावर बोलून झालं, मग बसची पाळी आली. पूर्वी ती तासातासाला यायची, आता आली तर बातमी व्हायची. मग डॉक्टर. सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा आणि दुपारपर्यंत फोनवरची वाजंत्री ऐकत बसायचं, तोवर माणूस बरा तरी होतो नाहीतर मरतो तरी. मग समुद्रात सोडलेलं गटाराचं पाणी. मग ते लोक, ज्यांनी युरोपातून बाहेर पडलो की मच्छीमारांच्या घरावर सोन्याची कौलं चढतील असं सांगितलं होतं.

त्याचं गाऱ्हाणं पक्ष बघत नसे. सरकारं आली, गेली. बर्नार्ड होता तिथेच होता. गावातल्या दुकानात तो पेपर घ्यायला शिरला की गल्ल्यामागचा डेनिस विचारी, "काय लार्टर, आज कुणाचा नंबर? पंतप्रधान की कचरेवाले?"

"पंतप्रधान. कचरेवाले निदान आठवड्यातून एकदा तोंड दाखवतात."

लोक हसत. बेरिल त्याची बाही ओढी. हळू बोल, लोक बघताहेत, जाऊ दे ना आता. उतू जाणाऱ्या दुधावर पाणी शिंपडावं तशी ती तीस वर्षं हेच शब्द शिंपडत आली होती.

हे कधीपासून सुरू झालं, ते गावात तिच्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याआधीचा बर्नार्ड मोजकं बोलणारा होता. त्याची खेकड्यांची होडी होती. पहाटे शीळ घालत तो किनाऱ्यावर उतरायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा, ॲड्रियन, एकोणीस वर्षांचा असताना शरदातल्या एका शांत सकाळी एकटाच होडी घेऊन पिंजरे उचलायला गेला, आणि दुपारी होडी पालथी होऊन परत आली. त्याच वर्षी वसंतात कड्यावरची टेहळणीची चौकी खर्च वाचवायचा म्हणून बंद केली होती. चौकीत कुणी असतं तर त्याला पोर दिसलं असतं का, हे कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. पुढच्या आठवड्यात, किनाऱ्याने चार गावं खाली, समुद्राने ॲड्रियनला परत दिलं.

दफनानंतर तो सबंध हिवाळा बर्नार्ड स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसला. एक शब्द नाही. मार्चमध्ये एका सकाळी त्याने पेपर खाली ठेवला आणि अर्थमंत्र्यांना एक कचकचीत शिवी दिली. बेरिल कोठीच्या खोलीत गेली आणि दार लावून रडली.

त्या दिवसापासून तो बोलतच राहिला होता. फक्त मुलाचं नाव त्याच्या तोंडून पुन्हा आलं नव्हतं, आणि चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. फुलं न्यायची ती बेरिलने.

आता ते आवार कड्याच्या टोकाशी आलं होतं. चर्च जिथे होतं तिथेच होतं, समुद्र जवळ आला होता. फेब्रुवारीच्या वादळात कड्याचा एक लचका सुटला आणि शेवटच्या रांगेतली शंभर वर्षांपूर्वीची दोन थडगी घेऊन खाली गेला. सकाळी वाळूतून कुणाच्या तरी कुत्र्याने तोंडात काही धरून आणलं. पाद्रीणबाईंनी आपला कोट काढून त्यावर घातला. त्या दिवशी दुकानात सगळे हळू आवाजात बोलत होते. बर्नार्डही पेपर घेऊन मुकाट निघून आला.

तेव्हापासून बेरिलचे कान तिकडेच असत. कडा सुटला की ओल्या वाळूची गाडी रिती केल्यासारखा आवाज होई. भांडी धुताना, कपडे वाळत घालताना तो आवाज आला की तिचे हात थांबत. आता कुठली रांग? ॲड्रियन तिसऱ्या रांगेत होता.

एप्रिलमध्ये गावच्या सभागृहात बैठक झाली. पेंबर्टन नावाची पालिकेची एक तरुण अधिकारी नकाशा घेऊन आली होती. समुद्र पुढे कुठवर येईल ते दाखवणारी एक लाल रेघ नकाशावर गावातून जात होती. चहा झाला, बिस्किटं झाली, मग ती उभी राहिली.

"या भागातला किनारा राखायचा नाही, असं धोरण आहे," ती म्हणाली. "म्हणजे नवीन बांध नाही. समुद्राला त्याच्या गतीनं पुढे येऊ द्यायचं."

 मग माना एकेक करून बर्नार्डकडे वळल्या. मागून डेनिस म्हणाला, "बर्नार्ड, ऊठ की. आज तुझाच दिवस आहे."

बर्नार्ड उठला. बेरिलच्या हाताने सवयीने त्याच्या कोटाचं टोक धरलं. त्याने टोपी काढली, ती हातात फिरवली.

"तिसऱ्या रांगेत," तो म्हणाला, आणि थांबला. घसा खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. "तिसऱ्या रांगेत आमचा ॲड्रियन आहे. त्या समुद्रानं त्याला एकदा नेलंय. त्याच्याबद्दल तुमचं धोरण काय आहे, बाई?"

बेरिलच्या हातातून कोट सुटला.

पेंबर्टनने हातातले कागद उलटले, पुन्हा उलटले, मग टेबलावर ठेवून दिले.

"त्यांच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, मिस्टर लार्टर," ती म्हणाली. "विचार झालेला नाही. मी विचारून येते."

बर्नार्ड खाली बसला. त्याला आणखी बरंच बोलायचं असेल म्हणून लोक थांबून राहिले, पण तो नकाशाकडे बघत बसला.

ती विचारून येईल यावर गावात कुणाचा विश्वास नव्हता. पण महिन्याभराने ती स्वतःच त्यांच्या दाराशी उभी राहिली. ज्यांच्या घरच्यांची इच्छा असेल त्या मृतांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या नव्या दफनभूमीत हलवता येईल, खर्च पालिका आणि चर्च मिळून करतील, असं तिने सांगितलं. बेरिलने तिला चहा दिला. बर्नार्ड सबंध वेळ खिडकीशी, त्या दोघींकडे पाठ करून उभा होता.

ती गेल्यावर बेरिल म्हणाली, "हलवूया त्याला."

"हलवलं म्हणजे त्यांचं खरं झालं. माणसंच उचलून नेली तर बांध कुणासाठी घालतील?"

"बर्नार्ड, बांध कुणीच घालणार नाहीये."

तो बाहेर बघत राहिला. परसातल्या कुंपणापुढे आता एकच शेत उरलं होतं, आणि शेतापुढे काही नव्हतं.

"तिथं समुद्र ऐकू येतो?" त्याने विचारलं.

"नाही. मी जाऊन उभी राहून आले."

"मग सांग त्यांना हो म्हणून."

ठरलेल्या सकाळी समुद्रावरून धुकं आलं होतं. तिसऱ्या रांगेत हिरव्या कापडाचा आडोसा उभा केला होता. त्याच्या आत फावड्यांचा आवाज येत होता आणि माणसं एकमेकांशी कुजबुजत होती. बर्नार्ड आवारात आला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. पेंबर्टनही आली होती. तिला यायची गरज नव्हती. चिखलाने भरलेले बूट घालून ती फाटकापाशीच थांबली.

कापड बाजूला झालं. दोन माणसांनी नवी पेटी बाहेर आणली. ती धरायला खरं तर दोघांची गरज नव्हती.

"एवढीच?" बर्नार्ड म्हणाला.

पाद्रीणबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याला कळला की नाही, कुणास ठाऊक. पावणेसहा फुटांचा ॲड्रियन स्वयंपाकघराच्या बुटक्या दारातून वाकून आत यायचा. बेरिलला त्या दाराशिवाय दुसरं काही आठवेना.

नव्या जागी धुकं नव्हतं. चहूकडे बीटाची शेतं, मधे सरळ आखलेल्या वाटा, हाताएवढी झाडं. प्रार्थना झाली, माती लोटून झाली. माणसं गाडीकडे निघाली तरी बर्नार्ड मान तिरकी करून उभाच होता.

"काहीच ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"हो. म्हटलं होतं ना मी."

"काहीच नाही," तो पुन्हा म्हणाला, आणि तिच्यामागून चालू लागला.

परतताना गाडी बेरिल चालवत होती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर एका ठिकाणी अर्धा रस्ता खणून ठेवलेला होता. तात्पुरता सिग्नल लाल होता. नारिंगी शंकूंची रांग दूरवर गेली होती, एक यंत्र उभं होतं, कामावर मात्र एकही माणूस नव्हता. समोरून एकही गाडी येत नव्हती. सिग्नल लालच राहिला.

बेरिल वाट बघत होती. आता बोलेल. यावर तो न बोलता राहणं शक्यच नव्हतं. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बर्नार्डचे हात मांडीवर उताणे पडले होते. तो काचेतून समोर बघत होता, त्या हिवाळ्यात भिंतीकडे बघायचा तसा.

सिग्नल हिरवा झाला. ती निघाली नाही.

"बघितलंस?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "खणून ठेवलाय आणि गेले चहाला. कर मात्र वेळेवर पाहिजे यांना."

बर्नार्डने मान हलवली.

"त्यांना तरी कुठं कुठं पुरं पडणार, बेरिल," तो सौम्यपणे म्हणाला. "माणसंच ती."

बेरिलच्या हातांना स्टिअरिंगचं चाक गार लागलं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. तिने गिअर टाकला आणि ती बोलू लागली.

"माणसं कसली? शाळेची छपरं गळतात, ती दिसत नाहीत यांना. दात दुखला तर डॉक्टरसाठी पन्नास मैल जायचं. आगगाड्या वेळेवर नाहीत, आणि तिकीट दर जानेवारीला वाढतं. आणि निवडणूक आली की दाराशी हसत उभे राहतात, वर आपल्या कुत्र्याचं नाव विचारतात."

तिला नीट जमत नव्हतं. शब्द अडत होते, एकाच मुद्द्यावर ती दोनदा येत होती, तरी आवाज चढत गेला. पुढे बीटाची शेतं संपून समुद्राची राखी पट्टी दिसू लागली. बर्नार्डने डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या घराचं वळण आलं. ती बोलतच राहिली, आणि वळण मागे गेलं.