चकवरचा झेंडूचा हार

मित्रांनो, तळवड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सव्वीस वर्षं लोखंड सोलत उभा असलेला लेथ म्हणजे मी. पंजाबातल्या बटाल्याच्या कारखान्यातून ट्रकने आलो, तेव्हापासून खंडूमामाच मला चालवतात. लोखंडाचा तुकडा घट्ट धरून गरागरा फिरणारा जबडा मला आहे, त्याला चक म्हणतात. माझ्यावर उतरलेल्या पिना चाकणच्या कितीतरी गाड्यांत बसल्या. पण माझं नाव घेतो कोण? वर्षातून एकदा, खंडेनवमीला.

खंडा म्हणजे तलवार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिपाई हत्यारं घासूनपुसून पुजायचे. आता तलवारी कुणाला लागतात? म्हणून शिंपी कात्री पुजतो, शेतकरी नांगर आणि आमच्याकडे मला हळदकुंकू, हार, नारळ. हल्ली स्टेटसला फोटोही लागतो! पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, ही मात्र जुनी रीत.

गेल्या वर्षी मालक नानासाहेबांनी ती मोडली. चाकणच्या गाड्यांच्या कंपनीला माल संध्याकाळपर्यंत हवा होता. दहा मिनिटांत पूजा उरका आणि शिफ्ट सुरू करा, असं त्यांनी बजावलं.

"नानासाहेब, आज तरी त्याला बसू द्या की," खंडूमामा म्हणाले. नानासाहेबांनी नुसतं घड्याळ दाखवलं.

मामांनी सुतळीत ओवलेला हार मायेने माझ्या चकलाच गुंडाळला आणि फोटोसाठी तो नीट करू लागले. तेवढ्यात मालकांच्या मुलाने, रविराजने, घाईत न बघताच मला चालू केलं. सुतळी आवळली आणि मामांची बोटं आत ओढली गेली. तो हात मी ओळखत होतो हो! पण मला आपणहून थांबता येत नाही. शेजारच्या मशीनवरची विजयश्री धावली आणि तिने लाल बटण दाबलं.

दोन बोटं मोडली, पण हात वाचला. रविराज मामांना दवाखान्यात घेऊन गेला. नानासाहेबांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला आणि कंपनीला फोन लावला.

"माल परवा मिळेल," ते म्हणाले. "आज खंडेनवमी आहे."

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण आधी वीज बंद करा आणि हार चकवर घालू नका. आणि खरं सांगू? मी लोखंडाचा, मला सुट्टी नसली तरी चालतं. ती माझ्या नावावर मामांना मिळते. तेवढी काढून घेऊ नका.