एका नावाची दुरुस्ती

"...आणि चारकोपहून गुणाजी, मालन, सुयोग, ऋतिका आणि प्रांजल," असं म्हणून माणिकनं गाणं सोडलं, माइक बंद केला आणि टोपण दातांत धरून लाल पेन उघडलं. वाचून झालेल्या प्रत्येक नावावर बारीकशी खूण करायची ही तिची जुनी सवय होती. गुणाजीवर खूण झाली. पेन पुढं सरकलं आणि टेकायला त्याला जागा मिळेना. 'गुणाजी' आणि 'सुयोग' यांच्या मध्ये पोस्टकार्ड कोरं होतं. तीन अक्षरं मावतील एवढंच कोरं.

तिनं चष्मा वर करून कार्ड डोळ्यांशी धरलं. मालन कुठंच नव्हती.

गुरुवारी सकाळी अकराला लागणारा तो फर्माइशीचा कार्यक्रम माणिक अकरा वर्षं करत होती. आता फर्माइशी बहुतेक व्हॉट्सॲपवरच यायच्या, पण तीन घरं अजून पोस्टकार्डावर अडून होती आणि त्यांतलं एक चारकोपचं. गाणी काय, हल्ली कुणीही मोबाइलवर पाहिजे तेव्हा ऐकतं. लोक ऐकत ते आपापलं नाव, आणि हे माणिकला पुरतं ठाऊक होतं. म्हणून ती नावांच्या बाबतीत भलतीच कडक होती. नव्या निवेदकांनी कुणाचं नाव घाईत गिळलं, तर ती त्यांना कँटीनमध्ये गाठून सुनवायची. मुलुंडच्या एका कुटुंबानं यादीत पोपटाचं नाव घातलं होतं, तर तेही तिनं माणसाच्या नावासारखंच नीट घेतलं होतं. आणि आज तिनं स्वतः कार्डाकडे न बघता, पाठ झालेली पाच नावं म्हणून टाकली होती.

काचेपलीकडे ड्यूटी ऑफिसर मुकुल बसला होता. तिनं त्याला हातानं आत बोलावलं.

"विसरले असतील हो," कार्ड बघून मुकुल म्हणाला.

"गुणाजी घाडी विसरत नाहीत. अकरा वर्षांत त्यांनी साधा पिनकोड चुकवलेला नाही."

"मग भांडण झालं असेल."

माणिक हसली नाही. मुकुललाही आपण उगीच बोललो असं वाटलं असावं, कारण तो कार्ड परत ठेवून गेला, तो दार अगदी हळू ओढून.

फोन आला तो कार्यक्रम संपल्यावर. ड्यूटी रूममधून मुकुलनं माणिकला हाक मारली आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"मॅडम, मी ऋतिका घाडी. चारकोपहून." आवाज दबका होता, दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखा. "तक्रार करायला फोन नाही केला हां. फक्त सांगायचं होतं. आई गेल्या, माझ्या सासूबाई. अठरा दिवस झाले. हार्टचं झालं, दोन तासांत सगळं संपलं."

माणिक खुर्ची ओढून बसली.

"तुम्ही त्यांचं नाव घेतलंत ना, तर बाबा उठले आणि किचनच्या दारात जाऊन उभे राहिले. मग तिथंच खाली बसले. अजून तिथंच आहेत. जेवा म्हटलं तर हातानंच नको म्हणतात. मला काही सुचेना, म्हणून तुम्हाला लावला."

"मी काय करू?" माणिकनं विचारलं. निवेदकानं श्रोत्याला असं विचारायचं नसतं, पण ते तोंडून गेलं.

"माहीत नाही ओ," पलीकडून ऋतिका म्हणाली.

मुकुलनं तोवर रजिस्टर काढलं होतं. त्याचा इलाज नव्हता. प्रसारणात काही चुकीचं गेलं, की त्याची नोंद करायची आणि पुढच्या भागात दुरुस्ती वाचायची, हा केंद्राचा जुना शिरस्ता. सरकारी रेडिओ लाख रटाळ असेल, पण खोटं सांगून गप्प बसला असं कुणी म्हणू नये, यासाठी तो होता. मुकुलनं दोन ओळी खरडल्या आणि कागद तिच्यापुढं सरकवला. 'गेल्या गुरुवारी प्रसारित झालेल्या कार्यक्रमात चारकोप येथील एका कुटुंबाच्या यादीत एक नाव अनवधानाने वाचले गेले. या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

"हे मी त्यांना न विचारता वाचणार नाही," माणिक म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? नियम आहे."

"नियम तुमचा. बाई त्यांची गेलीय."

रविवारी तिनं घाटकोपरहून मेट्रो धरली, डी. एन. नगरला उतरून दुसरी पकडली आणि पुढं रिक्षानं चारकोपच्या सेक्टरमध्ये पोचली. पत्ता शोधावा लागला नाही, तो तिला तोंडपाठ होता. अंगणात तुळस आणि कपडे वाळत घातलेली दोरी असलेलं तळमजल्याचं घर. रस्ताभर तिनं बोलायची वाक्यं जुळवली होती. बेलवर बोट ठेवताच त्यांतलं एकही जागेवर राहिलं नाही.

दार ऋतिकानं उघडलं. बिनहाताच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून एक सडपातळ म्हातारा बसला होता, अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी.

"घाडींचं घर ना? मी..." एवढंच माणिक बोलली.

म्हातारा न वळताच ताठ झाला. "माणिकबाई," तो म्हणाला. मग उठून घाईघाईनं आत गेला. परत आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वरचं बटणसुद्धा लावून. रेडिओ घरी आला म्हणजे काय बनियनवर बसायचं?

"बसा ओ. ऋतिका, चाय टाक."

फ्रिजवर क्रोशाच्या रुमालावर रेडिओ होता. शेजारी फोटो. फोटोतली बाई कॅमेऱ्याकडे जरा वैतागून बघत होती, काम अर्धं टाकून बोलावल्यासारखी. माणिकनं मालनला आज पहिल्यांदा पाहिलं. अकरा वर्षं दर गुरुवारी जिचं नाव घेतलं, तिच्या कपाळावर एवढं मोठं कुंकू असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"माझी चूक झाली, काका," माणिक म्हणाली. "मी कार्ड बघितलंच नाही. सवयीनं वाचलं. तुम्हाला त्रास झाला. माफी मागायला आले."

गुणाजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. गिरणीत तीस वर्षं धागे जोडलेली ती बोटं अजूनही एकमेकांवर बारीक घासत होती.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी जागा सोडली. दोन गुरुवार कार्ड टाकलंच नाय. मग तीन दिवस कार्ड घेऊन बसलो होतो. माझं नाव लिवलं आणि हात पुढं जाईना. नाव लिवायचं तर ते खोटं. रेडिओवर खोटं सांगून चालत नाय. मग तेवढी जागा सोडून पोराचं लिवलं. नसती सोडली तर तुम्ही वाचलं नसतंत."

ऋतिका चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. इतक्या दिवसांत सासरा एवढं सलग बोलल्याचं तिनं ऐकलं नसावं, तिच्या चेहऱ्यावरून तरी तसं वाटत होतं.

"तिला भारी हौस," गुणाजींनी फोटोकडे न बघता मानेनं तिकडे दाखवलं. "गुरुवारी नाव येईस्तोवर कुकर लावायची नाय. शिटी मध्ये वाजली तर? आम्ही उपाशी बसायचो. नाव आलं की आतून वराडायची, 'इलां बघ!' म्हणजे आलं बघ. मग कुकर चढायचा."

"आता मी लावते लवकर," ऋतिका हळूच म्हणाली, आणि लगेच कप ठेवायला वळली.

माणिकनं चहाचा घोट घेतला. मग पर्समधून घडी केलेला कागद काढला. "आमच्याकडे नियम आहे. चूक झाली की पुढच्या वेळी दुरुस्ती वाचतात. पण तुम्ही नको म्हणालात, तर मी नाही वाचणार. साहेबांशी काय ते मी बघेन."

"नको कित्याक? वाचायचीच. वाचून दाखवा."

तिनं वाचलं. दोन ओळींना वेळ तो किती लागणार. गुणाजी तिच्या ओठांकडे बघत होते, आणि वाचून झाल्यावरही अजून काही यायचं असल्यासारखे बघत राहिले.

"नाव नाय ह्यात?"

"नाही. दुरुस्तीत चुकलेलं नाव पुन्हा घेत नाहीत."

"मग लोकांक कसां कळतलां?" ते गावच्या बोलीत गेले आणि परत फिरले. "एक नाव म्हणजे कुणाचं? सुयोगचं? पोरीचं? हे बरोबर नाय, बाई."

ते लोकांबद्दल बोलत नव्हते, हे माणिकला उमगलं होतं.

गुणाजींनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. "आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नाय," ते म्हणाले. "चाळीत ती घाडीण, मग सुयोगची आई, मग ह्या प्रांजलची आजी. मी तर नुसतं 'अगो'. बावन्न वर्सं. एकदा टीव्हीवर कुणीतरी बायकोला नावानं बोलावलं, तर माझ्याकडे बघून हसली. म्हणजे मला कळलं, पण जीभ वळली नाय. मग मी कार्ड टाकलं. म्हटलं, मी नाय तर रेडिओवरची बाई तरी घेईल."

खिडकीबाहेर कुणीतरी पाण्याचा पाइप ओढत नेत होतं.

"परवा तुम्ही घेतलंत," गुणाजी म्हणाले, "तर मी 'इलां बघ' कधी येतंय म्हणून थांबलो. येईना, म्हणून बघायला गेलो."

माणिकनं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं कागद उलटा केला, पर्समधलं लाल पेन काढलं आणि म्हणाली, "पूर्ण नाव सांगा, काका. दुरुस्ती आहे, अर्धवट चालायची नाही."

"मी?"

"मग कोण? माझ्याकडे तर नुसतं पहिलंच नाव आहे."

तिनं पेन कागदावर टेकवून ठेवलं. गुणाजींनी सुनेकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या रेडिओकडे, जणू तो मदत करील. घसा खाकरला. एकदा तोंड उघडून मिटलं. ऋतिका भिंतीला टेकून उभी होती, ती पुढं झाली नाही.

"मालन," ते म्हणाले. आवाज फुटका आला. त्यांनी पुन्हा, जरा मोठ्यानं, फोटोकडे बघत म्हटलं, "मालन." मग बाकीचं घाईनं, एका दमात, "मालन गुणाजी घाडी, मूळ गाव नेरूर, तालुका कुडाळ."

माणिकनं लिहून घेतलं. ऱ्हस्व-दीर्घ बघायच्या निमित्तानं ती बराच वेळ कागदावर वाकून राहिली.

निघताना ऋतिका अंगणापर्यंत आली. "गुरुवारी किती वाजता येईल ते?"

"अकरा वीसच्या सुमारास."

"मग तोवर कुकर नाही लावत," ती म्हणाली.

मुकुलनं बुधवारी कागद दोनदा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही श्रद्धांजली झाली, माणिकताई. फर्माइशीत श्रद्धांजली बसत नाही."

"श्रद्धांजलीचा शब्द दाखवा मला यात कुठे आहे तो. कुठलं नाव चुकलं, ते श्रोत्याला कळायला नको? नाहीतर दुरुस्ती कसली?"

मुकुलनं तिसऱ्यांदा वाचलं. मग तिच्याकडे न बघता सही केली.

गुरुवारी अकरा वीसला माणिकनं माइक उघडला. समोर दोन कागद होते, दुरुस्तीचा आणि चारकोपचं नवं पोस्टकार्ड. कार्डावर चार नावं होती, एकाला एक लागून.

"एक दुरुस्ती," ती म्हणाली. "गेल्या गुरुवारी चारकोपच्या घाडी कुटुंबाच्या यादीत आम्ही श्रीमती मालन गुणाजी घाडी, मूळ गाव नेरूर, तालुका कुडाळ, यांचं नाव वाचलं. मालनताईंचं त्याआधीच निधन झालं होतं. त्यांच्या कुटुंबानं ते नाव पाठवलं नव्हतं. चूक आमची होती."

पुढं चार नावं आणि गाणं यायचं होतं. माणिक थांबली. स्वयंपाकघरातून कुणी 'इलां बघ' म्हणायला जेवढा वेळ लागेल, तेवढी थांबली.

काचेपलीकडे मुकुलनं घड्याळाकडे पाहिलं. माइक उघडा असताना एवढी शांतता गेली, तर तीही रजिस्टरमध्ये लिहायची असते. त्यानं रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं.

माणिकनं लाल पेनानं दुरुस्तीतल्या नावावर बारीकशी खूण केली आणि पोस्टकार्ड पुढ्यात ओढलं.